बारावी सूचना

मी गोबर गॅसचा सुपरवायझर होतो असं सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग नकळत नाकापाशी हात नेतात. माझी त्याला हरकत नाही. सारी नोकरी शेणाच्या खड्ड्याशी उभं राहून झाली, त्यामुळे हसण्याची सवय आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतले मजेदार अनुभव लिहा’ असं कळवलं, तेव्हा त्यांच्याही मनात हेच असणार. मजेदार गोष्टी आहेत, नाही असं नाही. पण एक गोष्ट मुळीच मजेदार नाही, आणि ती बाजूला ठेवून लिहायला बसलो की पेन पुढे सरकत नाही. म्हणून मजा थोडक्यात उरकतो आणि तिच्याकडे येतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमची कचेरी बुलढाण्याला होती आणि माझं काम घाटाखालच्या गावांत. आठवड्यातून तीन-चार दिवस मलकापूरच्या एस.टी.च्या टपावर सायकल टाकायची, घाट उतरायचा, फाट्यावर उतरून पुढं सायकलनं खेडी करायची.

ज्यांनी गोबर गॅस पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीसारखा एक विटांनी बांधलेला खड्डा असतो. त्यात शेण आणि पाणी सारखं कालवून ओततात. त्या काल्यावर एक मोठी लोखंडी टाकी पालथी घालतात, जसं बादलीतल्या पाण्यावर पातेलं पालथं घालावं तसं. आत शेण कुजतं, गॅस धरतो आणि टाकी हळूहळू वर उचलली जाते. टाकीच्या डोक्यावर एक कॉक, कॉकपासून नळी, नळी थेट स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत. काडी लावली की निळा जाळ. धूर नाही, काजळी नाही, फुंकणी नाही.

फक्त एक गोष्ट सांभाळायची. टाकी पहिल्यांदा वर येते तेव्हा तिच्यात आणि नळीत हवा अडकलेली असते. ही हवा आणि गॅस एकत्र असताना जवळ जाळ नेला, तर जाळ बाहेर न राहता आत शिरतो आणि टाकी बॉम्बसारखी उडू शकते. म्हणून पहिल्यांदा भरलेला गॅस पेटवायचा नाही. कॉक उघडून सगळा सोडून द्यायचा, टाकी पूर्ण खाली बसू द्यायची, आणि दुसऱ्यांदा भरली की मग शेगडी पेटवायची. एवढं एक वाक्य. वाचणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. एका आजोबांनी गॅसला जोर यावा म्हणून टाकीवर जात्याचे दोन्ही दगड ठेवले होते आणि ‘बरकत येत नाही’ अशी तक्रार केली होती. एका घरात सुनेनं खड्डा स्वच्छ राहावा म्हणून त्यात रोज फिनेल ओतलं. गॅस बंद पडला आणि दोष माझ्या नळीला आला. सगळ्यात मोठा वाद मात्र भाकरीला शेणाचा वास येईल का, हा होता. त्यावर फाट्यावरच्या हॉटेलवाल्या करीमभाईंनी एकदाच उत्तर दिलं होतं. ‘साब, हे लोक जनमभर गोवरीवर भाकर भाजून राह्यले. तवा काय गुलाबाचा वास येत होता?’

तर असे नमुने पाहून मीच वरिष्ठांना सुचवलं की शेतकऱ्यांसाठी मराठीत सूचनांचा एक कागद काढू. वरिष्ठ म्हणाले, तूच लिही. मी दोन पानं लिहिली, मुद्देसूद, आकडे टाकून, एकूण एकोणीस सूचना. आमच्या टंकलेखक इंगळ्यांनी मेणकागदावर टंकून स्टेन्सिल कापलं आणि सायक्लोस्टाइलवर शंभर प्रती काढल्या. इंगळे माझ्याच वयाचे, अबोल, मोताळ्याकडच्या बौद्ध कुटुंबातले, घराण्यात पहिलीच सरकारी खुर्ची. त्यांचं टंकन असं की खोडरबर विकत घ्यायची पाळी येत नसे. त्या कागदाचा मला केवढा गर्व होता, ते आता सांगायला लाज वाटते. मी लोकांना म्हणायचो, आता माझी वाट पाहायचं कारण नाही, कागदात पाहा आणि करा.

त्या मंगळवारी मी फाट्यावर उतरलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. रोहिणखेडच्या वाटेवर चार मैल आत एक खेडं आहे. तिथल्या संपत आणि गोकुळाबाई या नवरा-बायकोच्या घरी दुपारी गॅसची पहिली शेगडी पेटणार होती. त्या गावातला पहिलाच गॅस. संपतला तो नकोच होता. भाजीपाला आणि दोन म्हशी यांत माणूस सुखी होता. हट्ट गोकुळाबाईंचा. त्यांच्या आईचे डोळे चुलीच्या धुरानं गेले होते आणि आता त्यांच्या डोळ्यांतून सकाळ-संध्याकाळ पाणी वाहायचं. ‘मले माह्या मायवाणी चाचपडत मरायचं नाही’, असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. सासर, भावकी, शेजार, सगळ्यांशी भांडून त्यांनी खड्डा खणून घेतला होता. गाव टपून बसलं होतं की केव्हा फजिती होते.

करीमभाईंच्या हॉटेलात मलकापूरहून पेपर यायचा, एक दिवस शिळा. पलीकडच्या शाळेतले गुरुजी पहिल्या तासाला मुलांना पाढे लिहायला बसवून तिथं येत आणि मोठ्यानं वाचून दाखवत. अर्धं फाट्यावरचं जग ते ऐकून आपलं मत ठरवायचं. त्या दिवशी बातमी अशी होती, की परदेशात आकाशात सोडलेलं एक यान वाट चुकलं आणि ते वरच्यावर उडवून द्यावं लागलं. आकडेमोड करणाऱ्या यंत्राला ज्या सूचना दिल्या होत्या, त्या उतरवून घेताना एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती म्हणे.

‘म्हंजे यंत्र चुकलं’, करीमभाई म्हणाले.

‘यंत्राले जे सांगतलं ते त्यानं केलं’, गुरुजी म्हणाले. ‘त्याले काय माहीत काय राह्यलं ते.’

‘मंग यंत्र कायले ठेवलं? गड्यालेही तेवढं समजते. त्याले म्हणलं बैल सोड, तर दावं काढूनच सोडते न तो.’

सगळे हसले. मला मात्र हसण्यापेक्षा बोलायची घाई झाली. मी सरकारी माणूस, शिवाय यंत्रांशी संबंध असलेला. मी म्हणालो, ‘यंत्राचा दोष नाही आणि नशिबाचाही नाही. ज्या माणसानं सूचना लिहिल्या, त्याले त्याच दिवशी घरी बसवायले पाह्यजे. एवढ्या लोकांच्या जिवाशी खेळ आहे.’

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘लिहिणाऱ्याचं जाऊ द्या साहेब. लिहिलेलं तपासणारा कोणी होता का नाही? मी पोराच्या पाटीवर नजर टाकल्याबिगर पाटी पुसू देत नाही.’

‘लिहिणाराच नीट असला तर तपासायचं काम पडत नाही’, मी म्हणालो आणि पिशवीतून माझा कागद काढला. ‘हे पाहा. सूचना कशा असाव्या ते ऐका.’

मी वाचायला लागलो. खड्ड्याची जागा, शेणाचं प्रमाण, टाकी घालताना कॉक उघडा ठेवणे. लोक माना हलवत होते. करीमभाईंनी चहा गाळायचा थांबवला होता. दहावी सूचना वाचली. अकरावी : टाकी पूर्ण वर आल्यावर नळीचे सर्व सांधे साबणाच्या पाण्याने तपासावे. बारावी : शेगडीजवळची चावी उघडून काडी लावावी.

माझा आवाज तसाच चालू राहिला, पण मी वाचत नव्हतो. डोळे परत वर गेले. अकरा, बारा. परत. अकरा, बारा. पहिला गॅस सोडून द्यावा हे वाक्य कुठंच नव्हतं. कागद सांगत होता की टाकी भरली रे भरली की पेटवा.

‘भारीच कागद हाय साब’, करीमभाई कौतुकानं म्हणाले. ‘म्हून तर संपत सकाळीच नारळ अन् कापूर घेऊन गेला इथून. मी म्हणलं, साब तर दुपारी येऊन राह्यले न? तर म्हणे, मुहूर्त साडेअकराच्या आत हाय. साहेबाची गाडी येईन तवा येईन, आपल्यापाशी कागद हाय.’

कापूर. मागच्या खेपेला गोकुळाबाईंनी मला विचारलं होतं, टाकीची पूजा करायची, चालते का? आणि मी हसून म्हणालो होतो, आरती करा, हळद-कुंकू लावा, लोखंडाला काय होतंय. तेव्हा मी गृहीत धरलं होतं की मी शेजारी उभा असेन.

चहा तसाच टाकून मी सायकल काढली. गुरुजी मागून काहीतरी म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. चार मैल मी कसा गेलो ते सांगता येणार नाही. वाटेत गाडरस्त्याच्या चाकोऱ्या, त्यात सायकल अडकायची, मी उतरायचो, पळायचो, पुन्हा बसायचो. डोक्यात हिशेब चालू होता : काला कोणत्या दिवशी भरला, टाकी कोणत्या दिवशी वर आली असेल. पेटवायचा दिवस त्यांनीच कळवला होता आणि तेव्हा मी मोजलंच नव्हतं; आता कुठल्याही बाजूनं मोजलं तरी पहिलीच भरती निघत होती. मनातल्या मनात मी गोकुळाबाईंना ओरडून सांगत होतो की बाई, स्वयंपाकघरात धुरात बसा, पण टाकीजवळ जाऊ नका.

गाव दिसायला लागलं आणि त्याच दिशेनं धडाका ऐकू आला. एकच, जड. झाडांतून कावळे उठले. मी सायकल टाकून दिली आणि रस्त्यावर तसाच उभा राहिलो. त्या क्षणी मला गोकुळाबाई आठवल्या नाहीत, हे खरं सांगतो. मला माझी नोकरी आठवली. त्याची शरम अजून जात नाही. मग शेतातून एक माणूस कुऱ्हाड खांद्यावर टाकून येताना दिसला. मी विचारलं तर म्हणाला, ‘पाटलाच्या हिरीले सुरुंग लावून राह्यले. पाणीच लागत नाही न बावा.’

मी अंगणात शिरलो तेव्हा टाकीभोवती गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. टाकीला हळद-कुंकवाची बोटं उमटवलेली, खाली फोडलेला नारळ. टाकी वर आलेली. संपत दोन्ही हातांत ताट धरून उभा होता आणि ताटात कापूर जळत होता. ताट कॉकपासून हातभर लांब असेल. मी गर्दीतून पुढं घुसलो आणि ताटाला खालून हात मारला. ताट उडून भिंतीवर आपटलं. कापूर मातीत पडला, तो मी बुटानं रगडला.

जळत्या आरतीवर पाय दिलेला त्या बायांनी पाहिला होता. एक म्हातारी तोंडाला पदर लावून मागं सरली. संपतचा चेहरा पडला.

‘काय झालं साहेब?’ गोकुळाबाई पुढं आल्या. ‘काऊन असं केलं?’

‘टाकी कधी भरली?’ मी दरडावून विचारलं. ‘ही पहिली भरती हाय का?’

‘दुसरी.’

‘दुसरी कशी? पहिली कुठं गेली?’

‘सोडून देल्ली’, त्या म्हणाल्या. ‘चार दिवस झाले. पहाटं उठून मीनं कॉक उघडला अन् टाकी खाली बसेपावतो तिथंच उभी राह्यली.’

‘कोणी सांगतलं होतं?’

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. ‘त्याले सांगाले कायले लागते? म्हैस जनली तर पहिली धार आपून धरतीमायले सोडतो. हे बी शेणातून, म्हशीचंच न? पहिलं घरात कसं घ्यावं?’

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला. मी पाणी पीत असताना त्यांनी हळूच विचारलं, ‘पण साहेब, सोडून द्याचं होतं तर तुमच्या कागदात काऊन नव्हतं? पोरीनं मले दोनदा वाचून दाखवला.’

आणि मी म्हणालो, ‘छापताना राह्यलं.’

दोन शब्द. ते कुठून आले ते मला ठाऊक आहे, भीतीतून आले. पण आले तेव्हा किती सहज आले. संपतच्या जिवात जीव आला, तो हसून म्हणाला, ‘म्हंजे यंत्रानं खाल्लं’, आणि सगळं अंगण हसलं. नवं ताट आलं, पण आरती पुन्हा कोणी केली नाही. गोकुळाबाईंनी आत जाऊन शेगडी पेटवली. जाळ निळा आला. त्यांनी चहा टाकला, आणि उकळी येईपर्यंत पातेल्याशी तोंड नेऊन बसल्या, मुद्दाम, डोळे उघडे ठेवून.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचलो. कागद आणखी चार घरांत गेला होता. तिथं अजून काला भरायचा होता, ते मी निभावून नेणार होतो. पण गावात बोभाटा झालेला, तो वर पोचणारच. मी फाइल काढली. माझ्या हातचा मसुदा तिच्यात होता. पहिलं पान अकराव्या सूचनेवर संपलं होतं आणि दुसरं पान सुरू झालं होतं तेराव्या सूचनेनं. पान उलटताना बारावी माझ्या डोक्यात राहून गेली होती. छापताना काही राहिलं नव्हतं. मीच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या पानाच्या वर बोटभर कोरी जागा होती. मी पेन काढलं आणि लिहिलं : १२. पहिल्यांदा भरलेला गॅस पेटवू नये, सोडून द्यावा. शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसलो.

वरिष्ठांनी फाइल मागवली, मसुदा आणि छापील कागद शेजारी ठेवले, आणि इंगळ्यांना बोलावलं. मी तिथंच उभा होतो. ‘ओळ गाळली ती गाळली, वर आकडेही जुळवून टाकले? तेराचं बारा, चौदाचं तेरा? ही चूक नाही, ही लबाडी आहे.’ इंगळ्यांनी मसुद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बारावी ओळ निळ्या शाईत होती आणि बाकी सगळा मसुदा काळ्या. त्यांनी मान वर केली तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो. ‘माह्याकडून झालं असंल साहेब’, ते म्हणाले. त्यांना मेमो मिळाला आणि वर्षाची वेतनवाढ थांबली.

ते बोलले का नाहीत, हा प्रश्न मी पुढं सारी नोकरी अंगावर वागवला. त्यांनी एक शब्द काढला असता तर शाईच साक्षीला होती. रोज मला वाटायचं, आज बोलतील. बोलले नाहीत. त्यानंतर माझा कुठलाही कागद छापण्याआधी ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचे आणि म्हणायचे, ‘साहेब, एकदा वाचून पाहा. माह्याकडून राहून जाते.’ मी वाचायचो. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचायचो आणि माझे कान तापायचे. करीमभाईंच्या हॉटेलात मी पुन्हा पेपर ऐकायला बसलो नाही. गुरुजी एकदा रस्त्यात भेटले आणि म्हणाले, ‘त्या यानवाल्या माणसाचं पुढं काय झालं, ते पेपरात आलंच नाही साहेब.’ ते सहज म्हणाले की मुद्दाम, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो पाकिटात घातला नाही. बुलढाण्यातच राहतात इंगळे, निवृत्त, मोतीबिंदू काढलेला. त्यांच्याकडे गेलो आणि कागद पुढं ठेवून म्हणालो, ‘एकदा वाचून पाहा.’ त्यांनी भिंग लावून शेवटपर्यंत वाचलं. तासभर गेला असेल. मी माफी मागायचे शब्द मनात जुळवत होतो.

‘एक गोष्ट राह्यली’, ते म्हणाले.

‘कोणती?’

‘तुमच्या मसुद्यात अकरानंतर तेरा होतं, ते मले स्टेन्सिल कापतानाच दिसलं होतं. म्हणलं, मधात काहीतरी राह्यलं, जाऊन साहेबाले विचारावं. उठलोही होतो. मंग म्हणलं, नवी नोकरी, साहेबाची चूक आपून कशी दाखवावी? खाली बसलो अन् आकडे सरळ करून टाकले.’

‘मग मेमोच्या वेळी बोलला का नाहीत?’ मी विचारलं.

‘मेमो मी माह्या त्या चुकीसाठी घेतला’, ते म्हणाले. ‘ती बाई अडाणी नसती, तर आपण दोघांनी तिले मारलं असतं. लिहून घ्या हे.’

त्यांच्यासमोर बसूनच मी ते लिहून घेतलं. मग त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा भिंग लावलं आणि पहिल्या ओळीपासून तपासायला लागले.